मनमाडला राहायला जायचं की नाशिकहून रोज ये-जा करायची?

गोदाकाठची | 6 मे 2023, रात्री 9:40

नमस्कार मंडळी. माझी बदली मनमाडला झाली आहे. मी बँकेत आहे, 1 जूनला रुजू व्हायचंय. घर नाशिकच्या इंदिरानगरला. नवरा अंबडच्या कारखान्यात, मुलगी यंदा तिसरीत जाईल, सासूबाई आमच्याकडेच असतात.

मनमाड मी आजवर फक्त गाडीच्या खिडकीतून पाहिलंय. गाडी थांबते, आपण चहा घेतो, गाडी निघते. स्टेशनाबाहेर पाऊल टाकलेलं नाही. जिल्ह्यातच जन्म काढून इतकं जवळचं गाव आपल्याला ठाऊक नसावं याचं मला वाईट वाटलं, म्हणून धागा काढतेय.

तिथं माणसं कोण राहतात, दिवस कसा जातो, मराठी शाळा कशी आहे, पाण्याचं जे ऐकते ते खरं का? की नाशिकहून रोज अप-डाऊन करणं बरं? राहिलेल्यांनी लिहा, कृपया.

---

पासधारक_नाशिकरोड | 6 मे, 10:05

ताई, आधी गाड्यांचं बोलू. सगळे तुम्हाला सांगतील, "पंचवटी आहे की." पंचवटी एक्सप्रेस 1975 पासून आहे, पण ती मनमाडहून पहाटे निघून मुंबईला जाते आणि रात्री परत येते. तिचा उपयोग मुंबईकडे नोकरी असणाऱ्यांना. तुमचा प्रवास उलटा आहे. सकाळी मुंबईहून येणारी तपोवन नाशिकरोडला येईपर्यंत दहाला टेकलेले असतात, मनमाडला पोचेपर्यंत तुमचं काउंटर उघडून तास झालेला असेल. त्याआधीच्या गाड्या लांब पल्ल्याच्या, रात्रभर चालून आलेल्या, कधी वेळेवर तर कधी नाही. पासवर त्यात चढणं हा वेगळाच व्याप.

रस्त्यानं चांदवडमार्गे दोन तास धरा. रोज जाऊन-येऊन चार. मी अठरा वर्षं मुंबई केली आहे. गाडीतली माणसं घरच्यासारखी झाली, डब्यात वाढदिवस केले, पण मुलांचा अभ्यास मी फक्त रविवारी पाहिला. लहान मूल असताना हे करू नका, एवढंच सांगेन.

---

टिपाडवाली | 6 मे, 10:31

मी मनमाडची सून, बावीस वर्षं झाली. पाण्याचं खरं आहे. नळ रोज येत नाही. पंधरा-वीस दिवसांनी येतो, कडक उन्हाळ्यात महिनासुद्धा गेलेला मी पाहिलाय. माहेर निफाडचं, दारात पाट. लग्नानंतर पहिल्या आठवड्यात मी भांडी नळाखाली धुतल्यासारखी खळखळून धुतली तर सासूबाई काही बोलल्या नाहीत, नुसत्या शेजारी येऊन बसल्या आणि एका तांब्यात सगळी ताटं कशी निघतात ते करून दाखवलं. आजही मी तशीच धुते.

घर बघाल तेव्हा खोल्या नंतर बघा. आधी जमिनीतली टाकी किती लिटरची ते विचारा. पाच हजाराच्या खाली असेल तर पुढच्या घरी चला. वरच्या मजल्यावरचं घर अजिबात घेऊ नका, नळाला तेवढा दाब नसतो. भाड्याच्या घरात टाकी दोन कुटुंबांत असेल तर वाटणी आधीच ठरवून घ्या, नाहीतर चांगल्या माणसांत वितुष्ट येतं. प्यायला जार मिळतात. आणि घरात दोन टिपाडं असू द्यात, वापरायच्या पाण्याची.

बाकी गाव चांगलं आहे. याच, मी आहे.

---

गोदाकाठची | 6 मे, 10:50

टिपाडवाली ताई, वाचून धास्ती वाटली आणि धीरही आला. इंदिरानगरला एक दिवस पाणी आलं नाही तर आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दिवसभर तोच विषय असतो.

---

क्वार्टर_सोडलेला | 7 मे, 12:20

मध्यरात्री हा धागा दिसला आणि झोप उडाली. माझा जन्म मनमाडच्या रेल्वे क्वार्टरमधला. वडील गार्ड होते. आता पुण्यात आहे.

ताई, तुम्ही विचारलंत, माणसं कोण राहतात. याचं उत्तर रुळांत आहे. मुंबईहून भुसावळकडे जाणारा मुख्य मार्ग आधीचा. 1878 मध्ये दौंडचा फाटा जोडला गेला. मग 1900 मध्ये निजामाच्या मुलखातून औरंगाबादवरून येणारी लाईन आली, ती मीटरगेज. एका बाजूला रुंद रूळ, दुसऱ्या बाजूला अरुंद. म्हणजे हैदराबादकडून आलेलं प्रत्येक पोतं आणि प्रत्येक प्रवासी मनमाडला उतरणार, फलाट बदलणार, पुन्हा चढणार. ही अदलाबदल करायला माणसं लागली. हमाल लागले, कारकून लागले, सांधेवाले, फायरमन, खलाशी, गँगमन, चहावाले, खानावळवाले. पुलांचे गर्डर बनवणारा रेल्वेचा कारखाना आला, त्याला लोहार-फिटर लागले. गावाला नदीनं किंवा बाजारपेठेनं वाढवलं नाही, गाडी बदलावी लागते या एका गोष्टीनं वाढवलं.

त्यामुळं आमच्या चाळीत डावीकडे तमिळ कुटुंब, उजवीकडे ख्रिस्ती, समोर बौद्ध, मागच्या ओळीत मुसलमान ड्रायव्हर आणि टोकाला उत्तर भारतातले एक पंडितजी. माझी आई मूळ सिन्नरची, ती इडलीचं पीठ आंबवायला शेजारच्या अम्मांकडून शिकली आणि त्या आईकडून मांडे शिकल्या (त्यांचे फाटायचे, तरी सोडलं नाही). शिखांचा गुरुद्वारा आहे. नांदेडला जाणारे यात्रेकरू तिथं थांबतात, आणि आम्ही पोरं लंगरला पंगतीत जाऊन बसायचो. कुणी "तू कोण" असं विचारलं नाही.

घरातलं घड्याळ आम्ही क्वचित बघायचो. रात्री-अपरात्री कॉलबॉय दाराशी येऊन ड्रायव्हर काकांना ड्युटीची हाक मारायचा, त्यांच्या बायका त्या वेळी स्टोव्ह पेटवायच्या. दुपारी दोनला चाळीत आवाज करायचा नाही, कारण कुणीतरी रात्रपाळी करून झोपलेलं असायचंच. पोरांनी क्रिकेट कुठल्या टोकाला खेळायचं हे कोण झोपलंय यावर ठरायचं. असं गाव मला पुन्हा कुठं मिळालं नाही.

---

पुण्यात_रमलेला | 7 मे, सकाळी 8:15

क्वार्टरवाले दादा, मन भरून आलं, पण तुम्ही वर्णन केलंय ते गाव 1985 चं. ताईंना 2023 मध्ये राहायचंय.

वाफेची इंजिनं गेली. 1990 च्या दशकात मीटरगेज गेलं, अदलाबदल संपली आणि तिच्यावर जगणाऱ्या हातांचं काम संपलं. रेल्वेची भरती आटली, बरीच कामं ठेकेदारीवर गेली. क्वार्टरच्या काही ओळी रिकाम्या पडून आहेत, दारं-खिडक्यासुद्धा उरल्या नाहीत. माझ्या दहावीच्या वर्गात एकेचाळीस मुलं होती. त्यातली सहा आज मनमाडात आहेत. बाकी नाशिक, पुणे, सुरत. मीसुद्धा गेलोच. मागं राहिले ते आईवडील आणि त्यांचं पेन्शन. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बँकेत तुम्हाला कोण दिसेल ते सांगतो: पांढरी टोपी, कापडी पिशवी, पासबुक भरून घ्यायला आलेले निवृत्त काका. तेच गावाचं अर्थकारण चालवतात.

---

टिपाडवाली | 7 मे, 8:40

सहाच का? आमच्या गल्लीत बघ रे. पानेवाडीच्या तेल डेपोंवर टँकर चालवणारे, अन्न महामंडळाच्या गोदामांवर माथाडी, कांद्याचे व्यापारी, दोन नर्सबाई, एक मोबाईल दुरुस्तीवाला. सगळे पस्तिशीच्या आतले. जे गेले ते मोजलेस, राहिले ते मोजले नाहीस. राहिलेल्यांनी हे गाव चालवलंय.

---

पुण्यात_रमलेला | 7 मे, 8:58

मान्य, काकू. मी माझ्या वर्गापुरतं बोललो. त्यातले राहिलेले सहाही टँकर लाईनलाच आहेत.

---

आकडेमोड | 7 मे, 11:10

थोडे आकडे. 2011 च्या जनगणनेत मनमाडची लोकसंख्या 80 हजारांच्या घरात होती. येवला 50 हजारांच्या आसपास. नाशिक शहर 14 लाख 86 हजार, मालेगाव 4 लाख 81 हजार, आख्खा जिल्हा 61 लाख. म्हणजे जिल्ह्यातला जवळपास दर तिसरा माणूस नाशिक नाहीतर मालेगाव शहरात राहतो. उरलेल्यांचं जगणं आपल्या नाशिककरांच्या बोलण्यात येतच नाही, म्हणून हा धागा मोलाचा आहे.

हे आकडे बारा वर्षं जुने आहेत. 2021 ची जनगणना कोरोनात लांबली ती अजून झालेली नाही. पाण्याची, शाळांची, दवाखान्यांची आखणी जुन्या शिरगणतीवर चाललीय. मला यानं अस्वस्थ व्हायला होतं.

आणखी एक. मनमाड तालुक्याचं गाव नाही. तालुका नांदगाव, आणि नांदगाव शहर मनमाडच्या मानानं बरंच लहान. सातबारा, दाखले, तहसील, सगळ्यासाठी मोठ्या गावानं लहान गावाकडे जायचं. तुमच्या कागदपत्रांसाठी हे लक्षात असू द्या.

---

पैठणीचा_काठ | 7 मे, दुपारी 1:30

मी येवल्याचा, घरात माग आहे. मनमाडहून आम्ही जवळच, तरी दोन्ही गावं किती वेगळी! आमच्याकडे घराणी पिढ्यान्‌पिढ्या त्याच गल्लीत. आजोबांचा माग जिथं होता तिथंच माझा. दिवसभर गल्लीतून मागाचा खटखट आवाज येतो, तो थांबला की समजायचं जेवणाची वेळ झाली. पैठणीमुळं बाहेरून गिऱ्हाईक येतं, पण वस्ती जुनीच. मनमाडात मात्र दर तिसरं घर विचारलं तर "आमचे आजोबा नोकरीला इथं आले" असं सांगतात. "छोटं शहर" म्हणून दोघांना एका मापानं मोजू नका.

---

इगतपुरीवाला | 7 मे, 1:52

अवांतर: रेल्वेनं वसवलेल्या गावांत आमची इगतपुरीही धरा. कसारा घाट चढायला गाड्यांना मागून जादा इंजिनं लावतात, ती आमच्याकडे येऊन सुटतात. फरक एवढाच की आमच्याकडे पावसाळ्यात चार महिने कपडे वाळत नाहीत आणि मनमाडला प्यायला पाणी नाही. एकाच जिल्ह्यात!

---

टिपाडवाली | 7 मे, 2:10

इगतपुरीवाले दादा, वाळत घातलेले कपडे घेऊन आमच्याकडे या, येताना दोन टिपाडं भरून आणा. जमलं तर कायमचं ठरवून टाकू.

---

निळी_पहाट | 7 मे, रात्री 9:00

वर कुणीतरी लिहिलंय की चाळीत सगळे गुण्यागोविंदानं राहत. राहत होते, आणि त्यात तथ्य आहे. पण कामावर काय होतं तेही लिहिलं पाहिजे. माझे पणजोबा गँगमन होते.

12 आणि 13 फेब्रुवारी 1938 ला मनमाडात जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेच्या, म्हणजे तेव्हाच्या इथल्या रेल्वेच्या, अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. बाबासाहेब अध्यक्ष होते. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, हे त्यांनी तिथंच सांगितलं. आणि एक बारीक गोष्ट सांगितली, जी आमच्या घरात अजून सांगितली जाते: आपला माणूस आयुष्यभर गँगमनच राहतो, कारण पोर्टर झाला तर त्याला स्टेशनमास्तरच्या घरातही कामं करावी लागतात, आणि त्या घराला तो चालत नाही. बढतीची वाट कुठं अडते ते इतकं नेमकं. त्याआधी सुमारे सव्वादोन वर्षं, 13 ऑक्टोबर 1935 ला, येवल्याला धर्मांतराची घोषणा झाली होती. म्हणजे ही दोन लहान गावं आमच्यासाठी लहान नाहीत.

पणजोबांच्या हातात फावडं होतं, आजोबा पॉइंट्समन झाले, वडील स्टेशनच्या बुकिंग ऑफिसात बसले, मी प्राध्यापक आहे. चार पिढ्यांचा हा रस्ता मनमाडातच कापला गेला. ताई, 14 एप्रिलला तुम्ही गावात असलात तर घरी थांबू नका, मिरवणूक बघायला या. आख्खं गाव रस्त्यावर असतं.

---

क्वार्टर_सोडलेला | 7 मे, 9:35

तुमचं बरोबर आहे. मी मुलाच्या डोळ्यांनी पाहिलेलं लिहिलं. वडिलांच्या ड्युटीवरचं मला दिसत नव्हतं. तुम्ही लिहिलंत हे फार बरं झालं.

---

एकटी_राहिलेली | 8 मे, सकाळी 7:20

बाई म्हणून थोडं सांगते. मी दोन वर्षं मनमाडला नोकरी केली, एकटी राहून. चार घरांनी "एकट्या बाईला देत नाही" म्हणून परत पाठवलं. पाचव्या घरी मालकीणबाईंनी आडनाव, मग गाव, मग मामाचं गाव विचारलं आणि त्यांच्या नणंदेची ओळख निघाल्यावर किल्ली दिली. मला ते आवडलं नव्हतं. ओळख निघाली नसती तर मी कुठं जायचं होतं?

पण पहाटे तीनला स्टेशनवरून घरी चालत आले आहे, भीती वाटली नाही. या गावाला रात्र होत नाही. केव्हाही गाडी असते, म्हणून केव्हाही रिक्षा असते, चहा असतो, माणूस असतो. नाशिकमध्ये आमच्या कॉलनीत दहानंतर शुकशुकाट असतो, तिथं मला जास्त भीती वाटते.

उणं म्हणजे मोठं दुखणं. साध्याला डॉक्टर आहेत आणि ते नावानं ओळखतात. हृदयाचं किंवा बाळंतपणातलं अवघड काही झालं की मालेगाव किंवा नाशिक गाठावं लागतं. सासूबाईंचं वय असेल तर याचा विचार आधी करा.

---

गोदाकाठची | 8 मे, रात्री 10:15

तुम्ही एवढं लिहाल असं वाटलं नव्हतं. सासूबाईंना सगळं वाचून दाखवलं. त्यांना मधुमेह आहे आणि दर तीन महिन्यांनी नाशिकच्या डॉक्टरांकडे जावं लागतं, तो मुद्दा आमच्यात आधी आलाच नव्हता. नवरा म्हणतो तो नाशिकला राहील आणि शनिवारी येईल. मला ते पटत नाहीये अजून. शाळेचं कुणीच लिहिलं नाही बरं का!

---

पुण्यात_रमलेला | 8 मे, 10:40

शाळा: मी छत्रे विद्यालयाचा. शिक्षक मन लावून शिकवायचे, अडलं तर घरी बोलवायचे, पैसे घ्यायचे नाहीत. आता लोकांचा ओढा इंग्रजी माध्यमाकडे आहे, मराठी तुकड्या पूर्वीसारख्या भरत नाहीत. पण मुलगी तिसरीत आहे ना? वर्गात जाऊन बसा एक तास. बाईंचा आवाज ऐकला की कळतं.

आणि गावातली मुलं मराठी, हिंदी, थोडी अहिराणी एका दमात बोलतात. मुलीच्या तोंडी महिनाभरात "कथा जायेल व्हता" (कुठं गेला होतास) येईल, घाबरू नका.

---

कड्यावरचा | 9 मे, सकाळी 6:05

कुणीच डोंगर लिहिला नाही! अनकाई-टनकाई किल्ल्यांची जोडगोळी गावापासून हाकेच्या अंतरावर. टनकाईच्या पायथ्याला जैन लेणी, अनकाईच्या माथ्यावर अगस्ती ऋषींचं ठिकाण. हडबीची शेंडी हा सुळका तर गाडीतूनही दिसतो, आकाशाला अंगठा दाखवल्यासारखी. पहिल्या पावसानंतरच्या रविवारी मुलीला घेऊन अनकाई चढा. वरून रूळ कुठं फुटतात ते सगळं दिसतं, एक दौंडकडे, एक औरंगाबादकडे. क्वार्टरवाल्यांनी लिहिलेला इतिहास तिला तिथून एका नजरेत कळेल.

---

आकडेमोड | 9 मे, 9:30

पाण्याचं मूळही सांगून ठेवतो, कारण "पाणी नाही" म्हणून लोक थांबतात. गावाला वागदर्डी धरणाचं पाणी. ते धरण स्वतःच्या पावसावर पुरत नाही. पालखेडच्या डाव्या कालव्याला आवर्तन (पाण्याची पाळी) सुटलं की पाटोद्याचा साठवण तलाव भरून घेतात आणि तिथून पाणी उपसून वागदर्डीत टाकतात. म्हणजे आवर्तन लांबलं की नळ लांबला. कालव्यावर वरच्या अंगाला शेतीही उभी आहे, तिलाही तेच पाणी हवं. आता करंजवण धरणातून थेट जलवाहिनीची योजना हाती घेतली आहे. ती पुरी झाली तर टिपाडवाली काकूंना आयडी बदलावा लागेल.

---

टिपाडवाली | 9 मे, 9:41

आनंदानं बदलेन. पण टिपाडं ठेवीन.

---

गोदाकाठची | 24 जून, रात्री 11:30

धागा वर काढतेय. आम्ही आलो. मी, मुलगी आणि सासूबाई. नवरा शनिवारी येतो, सोमवारी पहाटेच्या गाडीनं जातो. ते अजूनही पटलेलं नाही, पण चाललंय. सासूबाईंच्या तपासणीची तारीख आम्ही शनिवारची घेतली, म्हणजे तो त्यांना नाशिकला नेतो आणि परत आणतो.

घर आययूडीपी वसाहतीत मिळालं. तळमजला, टाकी सहा हजारांची. घरमालकांना मी आल्या आल्या टाकीचं विचारलं तर म्हणाले, "कुणीतरी शिकवून पाठवलेलं दिसतंय."

बँकेत पहिल्या आठवड्यात पेन्शनर काकांची रांग लागली, अगदी लिहिलं होतं तशी. एकांना पासबुक भरून दिलं तर त्यांनी विचारलं, नवीन दिसता, कुठल्या? नाशिकची म्हटलं. म्हणाले, मी 1968 साली त्रिचीहून आलो, खलाशी म्हणून. मराठी इतकं स्वच्छ की मी दोनदा नाव वाचलं.

मुलीची शाळा सुरू झाली. पहिल्या दिवशी रडली, तिसऱ्या दिवशी डबा वाटून आली. शेजारच्या गल्लीतल्या शबाना नावाच्या मुलीशी गट्टी आहे, दोघी मिळून मालगाडीचे डबे मोजतात. काल अठ्ठावन्न झाले.

परवा रात्री अडीचला दार वाजलं. मी घाबरून उठले. समोरच्या काकू कंदिलासारखा मोबाईल धरून उभ्या. "उठ गं, नळ आलेत." आख्खी गल्ली जागी, सगळीकडे टिल्लू पंपांचा आवाज, बायका पाइप ओढतायत, कुणीतरी चहा ठेवलेला. सासूबाई बाहेर खुर्ची टाकून पहाटे पाचपर्यंत सगळ्यांशी बोलत बसल्या. इंदिरानगरला अकरा वर्षांत त्या इतक्या वेळ कुणाशी बोललेल्या मला आठवत नाहीत.

---

टिपाडवाली | 24 जून, 11:44

अगं, टाकी भरली का पण?

---

गोदाकाठची | 24 जून, 11:46

काठोकाठ. दोन्ही टिपाडंही. रविवारी घरी या ताई, पत्ता मेसेज करते.